उपस्थिती हाच आहेर

लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेल्या ओळी मनावर घ्यायच्या नसतात, एवढं व्यवहारज्ञान प्रत्येक मध्यमवर्गीय माणसाला असतं. 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं ज्या चिरंजीवांच्या नावाने छापलेलं असतं, त्यांना अजून पालथंही पडता येत नसतं. 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' म्हणजे आम्ही काही घरी येऊन आग्रह करणार नाही, तुमचं तुम्ही समजून घ्या. आणि 'कृपया आहेर आणू नयेत, आपली उपस्थिती हाच आहेर' म्हणजे भांडी आणू नका, पाकीट चालेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यात बावीस वर्षं बँकेत कारकून. छापील मजकूर आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत किती अंतर असतं, हे मला नाही कळायचं तर कुणाला?

पण आमचे अण्णा पडले पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. छापील कागदाचा शब्द न् शब्द खरा धरायची खोड त्यांना नोकरीत लागली ती लागलीच. गेल्या फेब्रुवारीत सावंतवाडीला धाकट्या मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका आली. अण्णांनी चष्मा लावून ती 'श्री गजानन प्रसन्न'पासून वाचायला घेतली, शेवटच्या ओळीवर थांबले आणि आईला म्हणाले, "अहो, ऐकलंत का? उपस्थिती मागताहेत. द्यायला हवी."

अण्णा एकाहत्तरचे, आई अडुसष्टची आणि त्यांची गाडी तेरा वर्षांची. अठ्ठावन्नाव्या वर्षी, ज्या वयात लोक चारधामाच्या गोष्टी करतात त्या वयात, ग्रॅच्युइटीतून गाडी घेऊन अण्णा ती चालवायला शिकले. त्या गाडीने पुण्याहून निघायचं, वाईला आत्याकडे एक मुक्काम, कराडला मामाकडे एक, कोल्हापूरला विहीणबाईंकडे एक, मग आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, असा बेत त्यांनी जाहीर केला.

आमच्या घरात कर्जमंजुरी समितीसारखी बैठक बसली. मी, बायको, फोनवर बंगळूरची बहीण आणि अधूनमधून मोबाईलमधून डोकं वर काढणारे चिरंजीव. सगळ्यांचं एकमत झालं, की या वयात हे करू नये. मी तडजोड मांडली. "अण्णा, ड्रायव्हरसकट गाडी करून देतो. पहाटे चारला निघा, दुपारी मुहूर्ताला पोचा, जेवा, रात्री परत घरी. त्रास नाही."

"मी काय कुरिअर आहे का रे?" अण्णा म्हणाले.

आई काहीच बोलली नाही. तिचे लाडू वळून झाले होते. आमच्या घरी लाडू वळून झाले म्हणजे ठराव मंजूर झाला, असं समजतात.

तर वाचकहो, हा लेख त्या समितीविरुद्ध आहे. म्हणजे माझ्याविरुद्ध आहे. आणि माफ करा, तुमचं वय चाळीस ते पंचावन्न असेल, तर तुमच्याविरुद्धही आहे. कारण 'या वयात कशाला?' हे वाक्य आपण सगळेच आईबापांना ऐकवत असतो, आणि त्याला काळजी असं नाव देतो.

आपले आक्षेप तरी काय असतात? पहिला म्हणजे, या वयात गाडी चालवणं धोक्याचं. ठीक आहे, कागद बघू. कायद्याप्रमाणे पंचावन्नच्या पुढे वाहन परवाना दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. अण्णांचं प्रमाणपत्र दहा मिनिटांत झालं, कारण दोन्ही मोतीबिंदू काढलेले आणि नजर स्वच्छ. चाळिशी ओलांडलेली म्हणून तेच प्रमाणपत्र मलाही लागलं, तेव्हा डॉक्टरांनी माझा रक्तदाब तीनदा तपासला. आता आकडे. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली दहात सात अतिवेगाच्या खात्यावर पडली. मेलेल्यांत दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयातले होते. म्हणजे समितीच्या वयाचे! वेगमर्यादेची पाटी बघून आपण तिला बचत खात्यातली किमान शिल्लक समजतो, खाली गेलं तर दंड बसेल अशा धास्तीने. अण्णा तिला मर्यादा समजतात. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ते साठाच्या पुढे जात नाहीत. अंधार पडला की चालवायचं नाही ही अट मी घालणार होतो, तर ती त्यांनी आधीच घालून घेतलेली. घाटात पुढच्याला ओलांडायचं नाही, ही आईने घातलेली.

दुसरा आक्षेप असा, की आजकाल घरं लहान, माणसं कामात, लोकांना पाहुणा जड होतो. होतो ना. पण जो सोफ्यावर बसून चहाची वाट बघतो, तो जड होतो. आमची ही जोडी आधी फोन करून जाते, एकच रात्र राहते, स्वतःच्या चादरी, गोळ्या आणि लोणच्याची बरणी घेऊन जाते. आई गेल्या गेल्या भाजी निवडायला घेते आणि अण्णा गळका नळ शोधून काढतात. जन्मभर धरणं सांभाळलेल्या माणसाला गळका नळ सहन होत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत आधुनिक. "व्हिडिओवर रोज दिसतातच की सगळे!" याचं उत्तर मी माझ्या धंद्यातून देतो. बचत खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार झाला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते निष्क्रिय ठरतं. खातेदार काउंटरवर येऊन भांडतात, "अहो, दर तिमाहीला व्याज पडतंय की त्यात!" मी त्यांना समजावतो, "काका, व्याज आपोआप पडतं. तो व्यवहार धरत नाहीत. तुम्ही स्वतः येऊन काहीतरी करायला हवं." हे मी बावीस वर्षं लोकांना सांगतोय. आणि आत्याला मात्र रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं 'सुप्रभात' पाठवून, खातं चालू आहे या भ्रमात आहे! ते 'सुप्रभात' म्हणजे आपोआप पडणारं व्याज हो. तो व्यवहार नव्हे.

असो. मंडळी निघाली. फास्टॅग माझ्या मोबाईलला जोडलेला असल्यामुळे त्यांचा प्रवास मला टोलनाक्यांच्या निरोपांतून दिसत होता. खेड शिवापूरचे पैसे कापले गेले. छान. आता आनेवाडी. बारा वाजले, एक वाजला, आनेवाडी येईना. अण्णांना फोन केला तर ते उचलेनात, कारण गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा नियम. आईला केला, तर तिचा फोन पिशवीत, पिशवी डिकीत. बँकेत मी एका बाईंना पाचशेऐवजी पाच हजार देता देता राहिलो. तीन वाजता डोक्यात उजेड पडला, की वाईला जायचं तर सुरूरला वळतात. आनेवाडी पुढे आहे! दुसऱ्या दिवशी सकाळी येईल, म्हणून स्वस्थ झोपलो. सकाळही गेली. आनेवाडी उगवलं संध्याकाळी चार वाजता.

कारण नंतर कळलं. आत्या चौऱ्याऐंशीची. अण्णांहून तेरा वर्षांनी मोठी, त्यांना कडेवर घेऊन फिरवलेली. डोळ्यांनी अधू झालेली, तीन वर्षं उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. भावाच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "वाळलास रे." मग म्हणाली, "तुझ्या गाडीत मी कधी बसलेच नाही." झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि ताशी वीसच्या वेगाने कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीला नेलं. तिथे ती दोन तास बसली. आता सांगा, ड्रायव्हरसकट गाडीत मी हा थांबा कुठे बसवला असता?

कराडला मामाचा गुडघा नुकताच बदललेला, त्याला लग्नाला येणं शक्य नव्हतं. भाचीसाठी घेतलेली साडी त्याने अण्णांच्या हाती सोपवली. ती काय, टपालानेही गेली असती. पण "मांडवात तिच्या डोक्यावर माझ्या वतीने हात ठेवा" हे टपालाने जात नाही.

कोल्हापूरला बहिणीच्या सासूबाई एकट्या राहतात. बहीण त्यांच्याशी रोज रात्री व्हिडिओवर बोलते. त्या रोज हसऱ्या दिसतात. आईने स्वयंपाकघरात औषधांचा डबा उघडला, तर दोन महिन्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या जशाच्या तशा! "बरं वाटतंय, मग कशाला?" असा त्यांचा हिशेब. हा हिशेब मोबाईलच्या पडद्यावर दिसत नाही. त्याला डबाच उघडावा लागतो. प्रवासाला सगळ्यांत जोरात विरोध करणारी आमची बहीण त्या दिवसानंतर या विषयावर बोललेली नाही.

लग्नाला मीही गेलो, सुधारलेल्या माणसासारखा. शनिवारी रात्रीच्या बसने निघालो, रविवारी रात्रीच्या बसने परत. स्टेजच्या रांगेत पाऊण तास उभा राहिलो, वधूवरांच्या मागे उभं राहून फोटोग्राफरकडे बघून हसलो, पाकीट दिलं, जेवलो. पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आपण कोणाकडचे?" मी अण्णांकडे बोट दाखवलं. "म्हणजे अण्णांचे चिरंजीव का!" असं म्हणून त्यांनी मला आग्रहाने जिलबी वाढायला लावली. त्या मांडवात माझी पत अण्णांच्या हमीवर होती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. रविवारी संध्याकाळी मुलगी सासरी गेली. सोमवारी सकाळी मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. पातेल्यात उरलेला मसालेभात, कोपऱ्यात सुकलेले हार, आणि एकुलती एक मुलगी गेल्यावर रिकाम्या खोलीत बसलेली मावशी. लग्नघराला माणसं लागतात ती या दिवशी, आणि नेमकी याच दिवशी आपण सगळे कामावर हजर असतो. आई मावशीकडे दोन दिवस राहिली. दोघी बहिणींनी मिळून भांडी मोजली, रडल्या, कोणाची साडी कशी होती यावर हसल्या, पुन्हा रडल्या. अण्णांनी मावशीच्या यजमानांबरोबर मांडवाचा आणि आचाऱ्याचा हिशेब जुळवला. उपस्थिती म्हणतात ती ही. आम्ही देऊन आलो ते पाकीट.

गाडी परत आली तेव्हा डिकीत आजऱ्याचा तांदूळ, कोल्हापूरची चटणी, सातारचे कंदी पेढे, सावंतवाडीची लाकडी फळं आणि रिकामा लाडवांचा डबा एवढं होतं. मी पेट्रोल आणि टोलचा हिशेब मांडला. माझ्या ड्रायव्हरवाल्या गाडीपेक्षा खर्च थोडा कमीच आला. पण हे मुद्दाम सांगत नाही. जास्त आला असता तरी मी हा लेख लिहिलाच असता.

जूनमध्ये आत्या गेली. सकाळी सहाला फोन आला आणि साडेआठला आम्ही सगळे वाईत हजर. मी, बायको, चुलत भाऊ, त्यांच्या बायका. पुढच्या तासाभरात मुंबईचेही आले. तिच्या दारात एवढ्या गाड्या, एवढ्या वेगाने, यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. रस्ता तोच होता. फेब्रुवारीतही तो तेवढाच लांब होता. दहा वर्षं पडून राहिलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण खातेदार आला तर ते परत मिळायची सोय आहे. अण्णा अंगणात एकटेच उभे होते. रडत नव्हते. म्हणाले, "घाटावर बसली होती रे दोन तास." त्यांचं खातं चालू होतं. आमच्यापैकी बाकी कोणाचंच नव्हतं.

परवा नागपूरहून एक पत्रिका आली. अण्णांनी नकाशा पसरला. मी म्हटलं, "अण्णा, आता समृद्धी महामार्ग पुरा झालाय. मुंबई-नागपूर सातशे एक किलोमीटर, कुठे अडथळा नाही की वळसा नाही. संभाजीनगरच्या पुढे त्याला लागलात, की थेट नागपूर."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चांगला रस्ता आहे. पण त्या रस्त्यावर आपलं कोणी राहत नाही." आणि त्यांचं बोट जुन्या रस्त्याने जालना, मेहकर, कारंजा असं हळूहळू, ताशी साठच्या आत, सरकायला लागलं.

मी चार दिवसांची रजा टाकली आणि आईला विचारलं, "मागच्या सीटवर जागा आहे का गं?"

"आहे," आई म्हणाली, "पण लाडवांचा डबा मांडीवर घ्यावा लागेल."