उभ्या गाडीचंही ऑइल जुनं होतं

गाडीचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, असं जुन्नर-आंबेगावात जो तो विचारतो आणि प्रत्येकाला एकच आकडा हवा असतो. आकडा पुस्तिकेत आहेच. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. यातलं ‘किंवा १ वर्ष’ वाचायचंच राहून जातं आणि आपल्याकडची इंजिनं तिथेच मार खातात.

घोडेगावात किंवा ओतूरला राहणाऱ्या एखाद्या निवृत्त गुरुजींची गाडी घ्या. बाजार, बँक, दवाखाना, कधीतरी मंचर. वर्षाकाठी तीन हजार किलोमीटरही होत नाहीत. ‘गाडी पळालीच कुठे?’ म्हणत दोन-तीन वर्षं तेच ऑइल चालू राहतं. आता इंजिनात काय होतं ते पाहा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण इंजिन थंड असेल तर थोडी रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. सोबत न जळलेलं पेट्रोलही. गाडी तासभर सलग पळाली तर ऑइल तापून यातलं बरंचसं उडून जातं. दोन किलोमीटरवर किल्ली फिरवून बंद केली, तर तिथेच मुरतं, ऑइल आंबट होतं आणि आम्ल मारण्यासाठी ऑइलात घातलेली रसायनं संपत जातात. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणून फसू नका. तो कूलंटचा काटा आहे, ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. जुन्नरच्या डिसेंबरातल्या पहाटे तर फारच. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. पिवळट-पांढरा, दह्यासारखा साका दिसला तर पाणी मिसळलंय. नवीन ऑइल टाकून, लांबची फेरी मारूनही तो परत दिसला, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

याच्या अगदी उलट गत पिकअपची. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावात क्रेट भरायचे, आळेफाट्यावरून माळशेज उतरून मुंबई गाठायची, तोच घाट चढून परत. त्याआधी शिवारातल्या पाणंदीची धूळ. एअर फिल्टर फाटका किंवा नीट न बसलेला असेल, तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि ऑइलात मिसळून बेअरिंग घासते. जड ओझं, धूळ आणि घाट यांसाठी पुस्तिकेत खडतर वापराचा वेगळा, कमी अंतराचा तक्ता असतो. पिकअपवाल्यांनी तोच आपला तक्ता मानावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय रांगेत चालू ठेवलेलं इंजिन ऑइल वापरत असतं, मीटर मात्र हलत नाही. गाळपाच्या दिवसांत भीमाशंकर किंवा विघ्नहर कारखान्याबाहेर थांबलेल्या ट्रॅक्टरचा हिशेब म्हणूनच तासांत असतो. बऱ्याच मॉडेलना २५० तास.

दुसऱ्या टोकाला, डिझेल गाडीचं ऑइल काळं झालं म्हणून घाईने बदलणारे. डिझेलची काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळे रंगावरून काही ठरत नाही. बीएस-६ डिझेलमध्ये मात्र डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होताना डिझेल ऑइलात उतरू शकतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, पातळ झालेलं ते ऑइल लगेच बदला. आणि ग्रेड पुस्तिकेतलीच घ्या. डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, ते थोडं महाग पडतं, पण डीपीएफपुढे तो खर्च काहीच नाही.

एक विनंती जळक्या ऑइलबद्दल. गॅरेजमधून कॅन भरून घरी न्यायचा, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायचं, उरलेलं विहिरीच्या कडेला ओतायचं, हे थांबवा. त्यात धातूंचा कीस आणि कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात, आणि ते झिरपतं आपल्याच पिण्याच्या पाण्यात. कायद्याने हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आहे. ऑइल बदलताना मेकॅनिकला विचारा, बॅरल कोण उचलतं. परवानाधारक माणूस उचलत असेल तर कॅन तिथेच सोडून या.