निघण्याचीही बेगमी हवी

मृग नक्षत्र जवळ आले की शेतकऱ्याच्या घरी बेगमीची गडबड सुरू होते. छप्पर शाकारले जाते, सरपण व गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या जातात, कडब्याची गंज झाकली जाते, कणगी लिंपली जाते. ही वहिवाट शहाणपणाचीच होय. परंतु ही सारी बेगमी घरात राहण्याची आहे. ज्या दिवशी घरच सोडावे लागेल, त्या दिवसाची बेगमी मात्र फार थोड्या घरांतून आढळते. पुराच्या वेळी माणसे गमावली जातात ती पुष्कळदा या उणिवेमुळेच.

पुणे जिल्ह्याला हा धडा १२ जुलै १९६१ रोजी मिळाला. अंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण तेव्हा पुरते बांधूनही झाले नव्हते. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते रात्रभर सावरून धरले. सकाळी ते फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांतील वाडे कोसळले आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. पूर रात्री न येता दिवसा आला म्हणून पुष्कळ जीव वाचले. जवानांनी श्रमाने मिळवून दिलेला तो अवधी होता. परंतु पाण्याची वार्ता खरी की अफवा, निघावे की थांबावे, हेच अनेकांना ठरविता येईना. इशारा कितीही लवकर मिळाला, तरी तो मिळाल्यावर काय करावयाचे हे आधी ठरलेले नसेल, तर हाती आलेले तास विचारातच सरतात.

आज खडकीच्या नदीकाठी उभे राहून पाहिले तरी हीच गोष्ट ध्यानात येते. दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. दोहोंच्या वरच्या अंगास मुळशी व पवना ही धरणे आहेत; खालच्या अंगास संगमावर मुठा येऊन मिळते. वरून विसर्ग वाढला आणि त्याच वेळी मुठेलाही पूर असला, तर खडकी-बोपोडीच्या सखल वस्त्यांना धोका दोन्हीकडून असतो. याच खडकीत बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांचे केंद्र आहे आणि मावळातील सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी वाहिनी आहे. मदत इतकी जवळ असता घरोघर तयारी कशाला, असे कोणी विचारील. परंतु ही पथके सबंध प्रदेशासाठी आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांच्या पुराने सांगली-कोल्हापूरकडील अनेक गावे एकाच वेळी वेढली गेली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे वेढ्यातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. वाट कोरडी असताना पायी निघणे आणि पाणी चढल्यावर नावेने निघणे, यांत जीवन-मरणाचे अंतर असते.

शेतकरी घर सोडण्यास का कचरतो, याचाही विचार केला पाहिजे. त्याला अडाणी किंवा हट्टी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. दावणीची जनावरे आणि कणगीतील धान्य हीच त्याची सारी पुंजी असते. ती सोडून जाणे म्हणजे पुढील वर्ष सोडून जाणे होय. म्हणून केवळ ‘निघा’ असे सांगून भागत नाही. जनावरे उंचावरील कोणत्या रानात बांधावयाची आणि त्यांची वैरण कोठे ठेवावयाची, हे पावसाळ्याआधी ठरले पाहिजे. बियाण्याचे पोते माळ्यावर चढविले पाहिजे. इतके करूनही पाणी अचानक आलेच, तर निदान दावी सोडून द्यावीत. बांधलेले जनावर जागीच बुडते. सुटलेले पोहून तरी जाऊ शकते.

घराच्या तयारीस फार खर्च लागत नाही. शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक, विम्याचे कागद व सातबाऱ्याचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावेत. त्यांजबरोबर नेहमीची औषधे, बॅटरी, शिट्टी, दोर, गूळ, शेंगदाणे व फुटाणे असावेत. पिण्याचे पाणी माणशी रोज ४ लिटर धरावे. पाच माणसांच्या घरास तीन दिवसांसाठी ६० लिटर लागेल. १९६१ साली खडकवासला फुटताच पुण्याचे नळ कोरडे पडले आणि लोकांना वाड्यांतील जुन्या विहिरींकडे वळावे लागले, हे विसरू नये. पुरानंतर विहीर उपसून तीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावाचून, आणि पाणी उकळल्यावाचून, ते पिऊ नये. निघताना विजेचा मुख्य खटका व गॅस बंद करावा.

भूकंप मात्र अवधी देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. तेथे बेगमी करावयाची ती घर बांधतानाच. भिंतींना घट्ट बांधणारे पट्टे व हलके छप्पर यांवरील खर्च वायफळ नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने चावडीवर सूचनापत्रक चिकटविले म्हणजे काम झाले, असे समजू नये. पावसाळ्यापूर्वी त्याने प्रत्येक घरी जाऊन तीन प्रश्न विचारावेत : कोठे जाणार? म्हाताऱ्यांना व लेकरांना कोण नेणार? जनावरे कोठे ठेवणार? जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक दाराच्या चौकटीजवळ ठळक लिहून घ्यावेत. वर्षातून एकदा सर्व गावाने उंचावरील ठरलेल्या जागेपर्यंत चालून पाहावे. ज्या घरात या तीन प्रश्नांची उत्तरे लहान मूलही देऊ शकेल, त्या घराची बेगमी पुरी झाली असे समजावे.