आषाढापूर्वीची ओसरी

अक्षय तृतीया झाली की श्रावकाच्या मनात हस्तिनापूर काही दिवस रेंगाळते. दीर्घ उपवासानंतर भगवान ऋषभदेव आहारासाठी निघाले आणि श्रेयांस राजाने त्यांना इक्षुरसाचे दान दिले. आहारदानाची ती परंपरा आजही दारातूनच सुरू होते. दिगंबर आम्नायात श्रावक कलश, श्रीफळ हाती घेऊन पडगाहनासाठी उभा राहतो, तो घराच्या दर्शनी भागातच. श्वेतांबर घरांत गोचरीला आलेल्या साधु-साध्वींचे पहिले पाऊल पडते तेही ओट्यावर. ईर्यासमिती पाळणारा साधू पुढची चार हात जमीन न्याहाळत चालतो. त्या जमिनीवर शेवाळ असेल, मुंग्यांची रांग असेल किंवा पाणी साचले असेल, तर दारी आलेला अतिथी मागे वळतो आणि घरातला शुद्ध स्वयंपाक तसाच राहतो. आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसेल. त्याआधी ओसरीकडे पाहण्यास हेच दिवस योग्य आहेत.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पण हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या पेठांतील जुनी व्यापारी घरे त्याच्या कितीतरी आधीची. पुढे दुकान, मागे राहणे, काळ्या दगडाचा ओटा, सागवानी चौकट, चौकटीच्या दोन्ही अंगांना दिव्याच्या देवळ्या आणि आत शिरताच ढेळज. घर नवे दिसावे म्हणून अलीकडे या दगडावर चकचकीत टाइल चढते, ओट्याला लोखंडी जाळी लागते आणि लाखभराचे अंदाजपत्रक सहज निघते. पहिल्याच पावसात त्या टाइलवर घरातील वडीलधाऱ्यांचा पाय घसरतो. एवढ्या खर्चाची मुळीच गरज नसते. बहुतेक ओसऱ्यांना नवे काही चढवण्यापेक्षा जुने नीट करणेच शोभते, आणि ते स्वस्तही पडते. फक्त पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा, हे आधी ठरले पाहिजे.

पहिला पैसा पाण्यावर. रंग फुगतो, पोपडे सुटतात, कोपरा हिरवा होतो, याचे कारण रंगात क्वचितच असते. छज्ज्याच्या पागोळ्या भिंतीवरून ओघळतात किंवा ओट्याचा उतार घराकडे झालेला असतो. छज्ज्याच्या खालच्या बाजूस, कडेजवळ, अर्ध्या इंचाची खाच पाडली की पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच खाली गळते. ओट्याला बाहेरच्या बाजूस दर चार फुटांमागे अर्धा इंच उतार पुरतो. गवंड्याच्या एका-दोन दिवसांच्या मजुरीत होणारी ही कामे आहेत, पण शेवाळाचा प्रश्न त्यांनीच सुटतो. शेवाळ आल्यावर ते खरवडणे म्हणजे अनंतकाय जीवांची विराधना. जागा कोरडी राखली तर ती वेळच येत नाही.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. मागाहून बांधलेला, उथळ पायाचा ओटा तिच्याबरोबर हलतो. मूळ भिंत तेवढी हलत नाही. म्हणून दोहोंमधील फट दरवर्षी सिमेंटने बुजवली तरी दरवर्षी उघडते. तिथे ताण सोसणारे, लवचिक भरण घालावे आणि भिंतीलगत फुलझाडांचे वाफे करून पाणी मुरवू नये. हौस असेल तर कुंड्या ठेवाव्यात. मात्र त्यांखालच्या थाळ्यांत पाणी साचू देऊ नये, कारण त्यात डासांची पैदास होते.

दुसरा पैसा पायऱ्यांवर. अडीच फूट उंच ओट्याला दहा-दहा इंचांच्या तीन चढण्या अनेक घरांत दिसतात. सत्तरीच्या माणसाला त्या डोंगरासारख्या वाटतात. तीच उंची सहा इंचांच्या पाच चढण्यांत विभागली आणि पाऊल टेकायला अकरा-बारा इंच रुंदी दिली, तर चढणे सुसह्य होते. त्यासाठी दोनेक फूट जागा अधिक लागते. ती रस्त्यावर किंवा नालीवर न काढता पायऱ्या भिंतीच्या कडेने आडव्या वळवाव्यात. नगरपालिकेची नोटीस येण्याची वाट कशाला पाहायची? एका बाजूला पावणेतीन-तीन फुटांवर धरायला साधा पाइप लावावा. ज्या आजी चार वर्षांपासून मंदिराच्या निमित्तानेही पायऱ्या उतरत नाहीत, त्यांचे कारण पुष्कळदा गुडघ्यात कमी आणि या चढण्यांत अधिक असते. सिमेंटच्या नव्या कामाला किमान सात दिवस पाणी मारावे लागते, हे मात्र विसरू नये. वैशाखाच्या उन्हात याच बाबतीत हयगय होते.

फरशी घालायचीच असेल तर खरखरीत शहाबादी घालावी. ती गुळगुळीत टाइलपेक्षा पायाला धरून राहते आणि खिशालाही परवडते. जुनी शहाबादी मळली म्हणून अॅसिडने धुण्याची पद्धत मात्र बंद व्हावी. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. अॅसिड त्याचा पृष्ठभागच खाते, मग खडबडीत झालेल्या दगडात मळ आणखी घट्ट बसतो. सांध्यांतील सूक्ष्म जीवांचे काय होते, ते वेगळे सांगायला नको. गाळलेले पाणी, सौम्य साबण आणि काथ्याचा ब्रश एवढे पुरते.

रंगकामाकडे जैन घराने थोडे थांबून पाहावे, कारण येथे हिंसा डब्यात आणि ब्रशात लपलेली असते. भिंत धुण्यासाठी वापरायचे पाणी गाळणारे कुटुंब भिंतीला काय फासले जाते याची चौकशी करत नाही. चुन्याला चिकटपणा यावा म्हणून पूर्वीपासून सरस घालतात. सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. त्याऐवजी झाडाचा डिंक भिजवून घालावा. सागवानी दाराला सुतार जे लाखेचे पॉलिश सुचवतो, ती लाख किड्यांपासून मिळते. श्रावकाचारात पंधरा कर्मादानांमध्ये लाक्षावाणिज्य गणले आहे. ज्या वस्तूचा व्यापार वर्ज्य, ती आपल्याच दाराला लावणे कितपत योग्य, याचा विचार प्रत्येकाने करावा. रंगाच्या अनेक ब्रशांचे केस डुकराचे असतात. दुकानदाराला खात्रीने सांगता आले नाही, तर एक केस ओढून ज्योतीला लावावा: जनावराचा असेल तर जळक्या केसांचा वास येतो, नायलॉनचा असेल तर वितळून त्याची गोळी होते. नायलॉनचा ब्रश चांगला चालतो आणि चुन्यासाठी अंबाडीच्या तंतूंचा कुंचा आजही उत्तम.

लाखेऐवजी जवसाचे तेल वापरावे. दार काचपेपरने घासून, धूळ पुसून, उकळलेल्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, एक दिवस वाळू द्यावा आणि दुसरा हात द्यावा. जुने सागवान असे उजळते की नव्या दाराचा विचारच मागे पडतो. यात एक धोका आहे. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून एका ढिगात टाकली, तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बारदानाच्या गोदामाशेजारी राहणाऱ्यांनी तरी ती उघड्यावर पसरून वाळवावीत आणि मगच टाकावीत.

भिंतीवर पूर्वी चुनाच असेल तर पुन्हा चुनाच द्यावा. तो सर्वांत स्वस्त, आणि त्याच्या क्षारामुळे बुरशी सहसा धरत नाही. चुना विरवताना तो उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे. एक रात्र झाकून, कापडातून गाळून, तीन पातळ हात द्यावेत. तैलरंगावर किंवा इमल्शनवर मात्र चुना धरत नाही. तिथे बाहेरच्या भिंतीचे इमल्शनच घ्यावे लागते, आणि तिथे हिशेब हवा. बारा फूट रुंद, दहा फूट उंच भिंतीतून दाराचे पंचवीस चौरस फूट वजा केले तर पंचाण्णव उरतात. दोन हातांना एका लिटरमध्ये साधारण पन्नास ते साठ चौरस फूट होतात. म्हणजे दोन लिटर पुरे. रंगाऱ्याच्या चिठ्ठीवर चार लिटर लिहिले असेल, तर उरलेला डबा पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर वाळत पडणार.

दिव्याचा हिशेब त्याहून सोपा. साठ वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर वर्षाला जवळजवळ ११० युनिट लागतात. नऊ वॉटच्या एलईडीला साडेसोळाच्या आसपास. एलईडी निवडताना पांढराशुभ्र न घेता पिवळसर घ्यावा. पांढऱ्या-निळसर उजेडाकडे किडे अधिक झेपावतात आणि सकाळी दारात त्यांच्या पंखांचा सडा पडतो. रात्रिभोजन त्यागणाऱ्या घराने दारातच पतंगांचा सापळा मांडू नये.

दाराची जुनी पितळी कडी काढून बेल बसवली असेल, तर कडीही परत लावावी. ज्या साधु-साध्वींचा आचार विजेच्या साधनाला स्पर्श न करण्याचा आहे, त्यांना बेल निरुपयोगी असते. चौकटीवरचा स्वस्तिक आणि मंगलकलश घरातल्याच कोणाकडून गेरूने काढून घ्यावा. बाजारच्या चिकटपट्टीला ती शोभा नाही. रांगोळी दगडाच्या भुकटीची असावी. मुंग्यांना खाऊ मिळावा म्हणून पिठाची रांगोळी काढण्यामागची भावना चांगली आहे, पण येण्याजाण्याच्या वाटेवर खाऊ ठेवून त्यांना पायांखाली बोलावण्यात कसली करुणा? पीठ झाडाच्या बुंध्याशी घालावे.

सर्वांत स्वस्त सुधारणा मात्र बहुतेक घरांत सर्वांत अवघड ठरते. ती म्हणजे ओट्यावरचा माल आत नेणे. हळदीच्या हंगामात ओटा पोत्यांखाली जातो आणि हंगाम सरला तरी रिकामे बारदान, तुटका काटा, मोटारसायकल तिथेच मुक्काम करतात. घरातल्या वृद्धांची बसण्याची जागा आणि पडगाहनाला उभे राहण्याची जागा एकाच वेळी नाहीशी होते. भिंतीलगत दीड फूट उंचीचे दगडी बाकडे बांधून घेतले, तर तिथे पोती रचणे आपोआप अवघड होते.

वसमतकडच्या हळद व्यापाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ताज्या चुन्याला हळदीचा ओला हात लागला की तिथे लाल डाग उमटतो. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचाच रंग होतो. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना, हात टेकतो त्या उंचीपर्यंत, चार फुटांचा पट्टा धुता येईल अशा तैलरंगाचा ठेवावा आणि त्याच्या वरून चुना सुरू करावा.