दवाखान्याची वेळ कोणाच्या घड्याळावर?

सरकारी दवाखान्यात उपचार मोफत असतात, असे आपण ऐकत आलो. पण रोजंदारीवर जगणाऱ्याला सकाळची ओपीडी कधीच फुकट पडत नाही. केसपेपर, तपासणी, औषधाची रांग यात दुपार होते आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. पगारी रजा असणाऱ्याला हा खर्च दिसत नाही. पगारी रजा कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे आपल्या देशात बऱ्याच अंशी जातीने ठरवले आहे. म्हणून दवाखान्याची वेळ हा मला जातीचाही प्रश्न वाटतो.

मी नोकरीनिमित्त चेन्नईत राहते. इथे सरकारने या प्रश्नाला निदान हात तरी घातला. 6 जून 2023 रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी तामिळनाडूच्या शहरांत एकाच दिवशी 500 आरोग्य केंद्रे सुरू केली. वेळ ठरली सकाळी 8 ते 12 आणि दुपारी 4 ते रात्री 8. त्याआधी, ऑगस्ट 2021 मध्ये, बीपी-शुगरच्या रुग्णांना घरपोच औषधे देणारी योजना आली होती. मुंबईतही 2022 मध्ये ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडा ठेवायचे ठरले. म्हणजे घड्याळ बदलता येते.

तरी प्रश्न उरतोच. कूवम नदीकाठच्या वस्त्या उठवून माणसे शहराच्या दक्षिण टोकाला, कन्नगी नगर आणि पेरुंबाक्कमला नेऊन टाकली. त्यात दलित कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. बायका धुणीभांडी करायला पुन्हा शहरातच जातात. चार वाजता त्या दुसऱ्या घरची भांडी घासत असतात आणि आठला बसमध्ये उभ्या असतात. त्यांच्यासाठी दवाखाना रात्री दहापर्यंत आणि रविवारीही हवा.

वस्तीतल्या खासगी डॉक्टरला हे केव्हाच कळले आहे. तो रात्री उशिरापर्यंत बसतो, कारण पेशंट कामावरून कधी येतो हे त्याला ठाऊक असते. आपले आईबाप उसने पैसे घेऊन त्याच्याकडे जातात, इंजेक्शन घेतात आणि सकाळी कामाला लागतात. पण बीपी, शुगर हे एका इंजेक्शनचे दुखणे नाही. त्याला महिनोन्‌महिने तेच कागद आणि तोच डॉक्टर लागतो. ज्यांच्याकडे पैसा आहे, त्यांना असा फॅमिली डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला. आपल्याला तो सरकारी दवाखान्यातच मिळू शकतो, पण त्यासाठी आपण पोहोचू तेव्हा दार उघडे असले पाहिजे.

मात्र वेळ वाढवायची आणि माणसे तेवढीच ठेवायची, हे चालणार नाही. कंत्राटी नर्स आणि दवाखाना झाडणारी बाई बहुतेक वेळा आपल्यातलीच असते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आणणारी दुरुस्ती पुढे आली आणि 1946 मध्ये तिचा कायदा झाला. त्यांचे नाव घेऊन आपण एका मजुराची सोय दुसऱ्या मजुराच्या तासांतून काढू शकत नाही. दुसऱ्या पाळीला दुसरी भरती झाली पाहिजे, तीही कायम आणि आरक्षणासह.

आपल्यापैकी अनेकांना आज आजारपणाची रजा मिळते. घरात ती मिळणारे आपण पहिलेच. आईबापाला ती नव्हती आणि भावकीत अजूनही बहुतेकांना नाही. म्हणून आपल्या वॉर्डातल्या दवाखान्याबाहेरची वेळेची पाटी वाचा. माहितीच्या अधिकारात विचारा: संध्याकाळी डॉक्टरची जागा भरलेली आहे का? त्या वेळी रक्त तपासले जाते का, औषध मिळते का? रविवारी काय? उत्तर हातात आले की वस्तीतल्या लोकांना घेऊन नगरसेवकाकडे जा. अर्ज लिहिता येणे ही आपल्या घरात नुकतीच आलेली ताकद आहे, ती इथे वापरू.