परवानगीचे राज्य

दरवर्षी १७ सप्टेंबरला भोकरमध्येही मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे ध्वजवंदन होते. हुतात्म्यांचे स्मरण केले जाते, शाळकरी मुलांच्या घोषणा घुमतात आणि तासाभरात गाव आपल्या व्यवहाराला लागते. मात्र आपण मुक्त झालो म्हणजे नेमके कशापासून मुक्त झालो, या प्रश्नाचे उत्तर नव्या पिढीला ‘रझाकारांपासून’ एवढेच ठाऊक असते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. रझाकारांचा धुमाकूळ हा त्या राजवटीचा अखेरचा अंक होता. त्यापूर्वी कित्येक वर्षे हैदराबाद संस्थानात एक शांत, शिस्तशीर आणि कागदोपत्री जुलूम नांदत होता. तो जुलूम परवानगीचा होता.

निजामाच्या राज्यात सभा भरवायची तर आधी परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या फर्मानाने ही व्यवस्था पक्की केली होती. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही अशीच बंधने होती. संस्थानातील बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी होती, तरी उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला म्हणून औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना शिक्षणाला मुकावे लागले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. जन्मापूर्वीच गुन्हेगार ठरवण्याचा हा प्रकार होता!

वृत्तपत्रांची गत निराळी नव्हती. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक संस्थानाच्या हद्दीबाहेरून काढले. निजाम सरकारने त्यावर बंदी घालावी आणि वाघमारे यांनी नाव बदलून तेच पत्र पुन्हा वाचकांच्या हाती द्यावे, असा क्रम चालला. ज्या राज्याला चार पानांच्या पत्राचे भय वाटते, ते राज्य किती दुबळ्या पायावर उभे असते, हे यातून दिसते.

जिथे सनदशीर मार्ग बंद होतात, तिथे पुढे शस्त्र बोलू लागते. १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. लातुरात वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकारांनी १९४७-४८ मध्ये गावेच्या गावे उजाड केली. भोकरच्या शेजारी असलेल्या उमरीत ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला, तो याच कोंडीतून. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. रझाकारांच्या तलवारीने केवळ धर्म पाहिला नाही. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचीही हत्या झाली. तसेच पोलीस कारवाईनंतर नांदेड, उस्मानाबाद या भागांत अनेक निरपराध मुसलमान सुडाला बळी पडले, हेही भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोंदवले आहे. न्यायाचा तराजू हाती घेणाऱ्याने दोन्ही पारडी पाहिली पाहिजेत.

इतिहासाचा योगायोग पाहावा. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे प्रतिनिधी पॅरिसमध्ये सुरक्षा समितीपुढे न्यायाची याचना करत होते. ज्यांनी स्वतःच्या प्रजेला साधी सभा भरवू दिली नाही, तेच जगाच्या सभेत आपली बाजू मांडायला उभे होते! त्याच पॅरिसमध्ये तीन महिन्यांच्या आत, १० डिसेंबर १९४८ रोजी, मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा मंजूर झाला. ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व माणसे’ हा शब्द त्यात यावा, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला होता. हक्क राजा देत नाही, ते माणसाबरोबर जन्माला येतात, हा त्या जाहीरनाम्याचा गाभा आहे.

मग हा धडा आपण शिकलो का? २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली आणि परवानगीचे राज्य पुन्हा अवतरले, या वेळी लोकशाहीच्याच वेषात. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. मिसाखाली हजारो माणसे विनाचौकशी गजाआड गेली. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. नांदेड ही त्यांची कर्मभूमी, भोकरचे विधानसभेत त्यांनी प्रतिनिधित्व केलेले, आणि स्वतः हैदराबादच्या मुक्तिलढ्यात उतरलेले. ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव हेही त्याच लढ्याचे सैनिक. निजामाच्या तुरुंगात राहिलेल्या या संपादकाला स्वतंत्र भारतातही तुरुंगात जावे लागले. एकाच लढ्यातून आलेल्या दोघांपैकी एक सत्तेच्या खुर्चीवर आणि दुसरा कोठडीत! दोष केवळ व्यक्तीचा नसतो. अंकुश सुटलेली सत्ता सज्जनालाही आपल्या वाटेने ओढते.

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी आणीबाणीत बंदिवानाला न्यायालयाचे दार बंद असल्याचा निर्वाळा दिला. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले आणि पुढे त्यांना सरन्यायाधीशपदाला मुकावे लागले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो १९७६ चा निर्णयही चुकीचा ठरवला. ही कमाई मोठी आहे. तरीही प्रतिबंधात्मक स्थानबद्धता घटनेत आजही आहे आणि जमावबंदीचा हुकूम एका सहीनिशी निघतो. सुव्यवस्थेसाठी कधी त्यांची गरज पडतेही. पण गरज कुठे संपते आणि सवय कुठे सुरू होते, हे कोणी पाहायचे? सरकार कोणत्याही पक्षाचे असो, अगदी आपल्या आवडीचेही असो, ते पाहणे नागरिकाचेच काम आहे.

म्हणून १७ सप्टेंबरला मुलांना हुतात्म्यांची नावे सांगावीत आणि त्याबरोबर गश्ती ५३ ची गोष्टही सांगावी. एक साधी सभा भरवण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांना कोणाच्या दारात उभे राहावे लागत होते, हे ज्या मुलाला कळेल, तो उद्या आपला हक्क सहजासहजी कोणाच्या स्वाधीन करणार नाही.