प्रेषक कोण, सांगा पाहू!

सोमवारी सकाळी मेलबॉक्स उघडा. बँकेच्या नावानं 'केवायसी ताबडतोब अपडेट करा', बॉसच्या नावानं 'मीटिंगमध्ये आहे, गिफ्ट कार्ड्स घेऊन ठेव', शिवाय परदेशातल्या कुणा अनोळखी काकांची कोट्यवधी डॉलर्सची इस्टेट! मला या काकांची अजिबात भीती वाटत नाही. ते बिचारे लगेच ओळखू येतात. डोक्याला ताप आहे तो ओळखीच्या नावांचा.

कारण 'फ्रॉम'पुढे कुणाचंही नाव टाकता येतं. मेलची ने-आण करणाऱ्या एसएमटीपी या प्रोटोकॉलचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. तेव्हाचं नेट म्हणजे विद्यापीठं आणि संशोधन संस्थांची छोटीशी कॉलनी. सगळे ओळखीचे, मग दाराला कडी कशाला? पोस्टकार्डावर 'प्रेषक' म्हणून काहीही लिहा, पोस्टमन कुठे विचारतो? तसंच हे. खरं तर धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. १९७८ मध्ये डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना कॉम्प्युटरची जाहिरात धाडली. तोच पहिला स्पॅम मानतात.

मग हा म्हातारा प्रोटोकॉल बदलून का टाकत नाहीत? प्रयत्न झाले की! डॅनियल बर्नस्टाइन यांनी 'इंटरनेट मेल २०००' सुचवला. मेल पाठवणाऱ्याच्याच सर्व्हरवर राहणार, आपल्याला फक्त वर्दी. वाटलं तर वाचायला आणा. म्हणजे साठवणुकीचा भुर्दंड स्पॅमवाल्याला. आयडिया एकदम सही! पण नवा प्रोटोकॉल एकट्यानं वापरून काय करणार? सगळं जग बदलेपर्यंत जुनं दार उघडं ठेवावंच लागतं आणि स्पॅमवाले नेमके तिथूनच घुसतात. जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स म्हणाले होते, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. आपण अजून जंक फोल्डर उपसतोय!

म्हणून घर न पाडता कुलपं बसवली गेली. या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतो, ते एसपीएफ सांगतं. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं. आणि तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते २०१२ मध्ये आलेलं डीमार्क ठरवतं. जीमेलवर रोज ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गुगलनं फेब्रुवारी २०२४ पासून ही तिन्ही सक्तीची केली. याहूनंही घाऊक मेलवाल्यांना तीच अट घातली.

पण बॉस, मेल कुठल्या डोमेनवरून आला एवढंच ही कुलपं सांगतात. पाठवणारा सज्जन आहे, हे नाही. स्पेलिंगमधलं एक अक्षर बदलून घेतलेलं डोमेन किंवा तुमच्या साहेबांच्या नावानं उघडलेलं फुकटातलं खातं तिन्ही परीक्षा आरामात पास होतं.

तरीही एसएमटीपी मोडीत काढून सगळ्यांना एकाच कंपनीच्या अ‍ॅपमध्ये कोंबावं, असं मला वाटत नाही. कुठल्याही खात्यावरून कुठल्याही खात्यावर, कुणाची परवानगी न घेता लिहिता येतं, हीच तर मेलची मजा आहे. ती टिकवायची तर कुलपं नीट लागायला हवीत. तेव्हा ऑफिसमधल्या आयटीवाल्याला एक कटिंग पाजा आणि विचारा, "आपल्या डोमेनचं डीमार्क नुसतं बघत बसतंय की खोटे मेल परतही पाठवतंय?" बऱ्याच ठिकाणी ते नुसतंच बघत असतं.

आणि मेलमधून कुणी पैसे मागितले, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर सरळ फोन लावा. साहेब चिडले तर चिडले!