शत्रू म्हणजे सावज नव्हे

इंग्रजीतला 'प्रे' हा शब्द आपण जीवशास्त्राच्या तासाला शिकतो. 'प्रे' म्हणजे सावज. पण हा शब्द आला आहे लॅटिनमधल्या 'प्रेडा'पासून, आणि रोमन सैनिकाच्या तोंडी 'प्रेडा' म्हणजे युद्धातली लूट. त्यात गुरे, धान्य, सोने आणि गुलाम म्हणून विकायची माणसेसुद्धा आली. आज आपण वाघाला 'प्रेडेटर' म्हणतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लुटारू असा होता. इटालियन भाषेत 'प्रेडा'चे सावज आणि लूट हे दोन्ही अर्थ आजही टिकून आहेत. इंग्रजीत लुटीचा अर्थ मागे पडला. पुढे भारतात आलेल्या इंग्रजांनी आपला 'लूट' हा शब्दच उचलला!

'स्पोलियम' हा दुसरा लॅटिन शब्द. त्याचा आधीचा अर्थ प्राण्याची सोललेली कातडी. नंतर मेलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरवलेल्या चिलखतालाही तोच शब्द लागू झाला. इंग्रजी 'स्पॉइल्स' त्यातूनच आला. शत्रूच्या सेनापतीला स्वतः मारून त्याचे चिलखत ज्युपिटरच्या देवळात वाहणे, हा रोममध्ये फार मोठा मान होता.

प्राणी आणि माणूस यांना एकच शब्द लावला की मनातला फरकही पुसट होतो, असे मला वाटते. काही मित्र म्हणतात, "सैनिक आक्रमक हवा, शब्दांचे काय एवढे?" आक्रमक हवाच. पण समोरच्याने शस्त्र टाकले किंवा तो पडला, की तिथे शिकार आणि युद्ध वेगळे होतात. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा करारानेही लुटीला बंदी घातली आहे.

आपल्या सेनेने हा फरक कारगिलमध्ये दाखवला. 1999 मध्ये पाकिस्तानी सैनिकांचे मृतदेह आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केले. टायगर हिलच्या लढाईत कॅप्टन कर्नल शेर खान हा पाकिस्तानी अधिकारी पडला. तेव्हा ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या शौर्याची चिठ्ठी त्याच्याच खिशात ठेवून मृतदेह परत पाठवला. पुढे त्याला त्याच्या देशाचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला.

रोमन सेनापती पडलेल्या शत्रूच्या अंगावरून काढून घेत असे. आपल्या ब्रिगेडियरांनी त्याच्या खिशात ठेवले. यांतला कोणता विजय मोठा, हे आपण कॅडेट्सनी आत्ताच ठरवायला हवे.